आतलं लिपिड बाहेर येतं कसं?

प्रश्न: पेशीपटलातली लिपिडं आपापल्या थरात सरकतात, पण एका थरातून दुसऱ्या थरात क्वचितच उलटतात, असं पुस्तकात वाचलं. मग प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणारी बारीक पेशी) चेतवली की आतल्या थरातलं फॉस्फॅटिडिलसेरीन काही मिनिटांत बाहेर कसं येतं? आणि ते बाहेर आलंय हे ओळखतात कसं?

उत्तर: पुस्तकाचं बरोबर आहे, फक्त ‘आपोआप’ हा शब्द गाळलाय. लिपिडाचं डोकं पाण्याकडे ओढ घेणारं, शेपट्या तेलकट. उलटायचं तर ते डोकं मधल्या तेलकट भागातून पार न्यावं लागतं. आपोआप व्हायचं म्हटलं तर त्याला तास तास लागतात. म्हणून पेशीने या कामाला प्रथिनं ठेवली आहेत.

पीएस, म्हणजे फॉस्फॅटिडिलसेरीन (पूर्ण नाव आमच्या प्रयोगशाळेत कुणीच घेत नाही), चुकून बाहेर गेलं की फ्लिपेज नावाचं प्रथिन ते आत खेचून घेतं, आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्ची पडतो. हे १९८४ साली रक्तातल्या लाल पेशींवरच दाखवलं गेलं. लाल पेशीत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, तरी जवळपास १२० दिवस ती हा खर्च सोसते.

बाहेर सोडायला मात्र दमडी लागत नाही. स्क्रॅम्बलेज नावाचं दुसरं प्रथिन उघडलं की लिपिडं दोन्ही दिशांनी वाहतात आणि आत-बाहेर हा भेदच उरत नाही. प्लेटलेटमध्ये टीएमईएम१६एफ हे स्क्रॅम्बलेज कॅल्शियम वाढल्यावर उघडतं. बाहेर आलेल्या पीएसवर गोठण्याचे घटक बसतात आणि रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन भराभर तयार होतं. या प्रथिनात दोष असला की स्कॉट सिंड्रोम हा आजार होतो: प्लेटलेट मोजायला गेलं तर पुरेशा, पण रक्त लवकर थांबत नाही.

मरणाऱ्या लिम्फोसाइटची (ही एक पांढरी रक्तपेशी) तऱ्हा मला जास्त आवडते. तिथे कॅस्पेज नावाची कात्री एक्सकेआर८ हे स्क्रॅम्बलेज कापून चालू करते आणि तीच कात्री फ्लिपेज कापून बंद पाडते. दार उघडलं, आवरणारा गेला. वर आलेलं पीएस मॅक्रोफेज ओळखतो आणि पेशी गिळतो.

आता ओळखण्याचं. चमकणारा हिरवा रंग जोडलेलं अ‍ॅनेक्सिन-पाच हे प्रथिन पीएसला चिकटतं, पण कॅल्शियम असेल तरच. नवखी असताना मी एक अख्खा दिवस याच्यापायी घालवला. मुद्दाम मारलेल्या पेशींची नळीसुद्धा काळीठिक्कर! सवयीने मी ईडीटीएवालं बफर (पेशी ठेवायचं द्रावण) घेतलं होतं आणि त्याने सगळं कॅल्शियम धरून ठेवलं होतं. त्याच पेशी कॅल्शियमच्या बफरात घेऊन पुन्हा रंगवल्या, तर हिरवा ढीग पडद्यावर हजर.

एक सांभाळा. पटल फाटलेल्या पेशीत अ‍ॅनेक्सिन थेट आत शिरतं आणि आतल्याच पीएसला चिकटून चमकतं. म्हणून सोबत प्रोपिडियम आयोडाइड हा लाल चमकणारा रंग घालतात. ते फाटलेल्या पेशीतच शिरतं, त्यामुळे हिरव्याबरोबर लालही दिसल्या त्या पेशी वेगळ्या काढायच्या.