जिप्सीसाठी कोणते इंजिन निवडावे?

प्रश्न : माझ्याकडे 1998 सालची, कार्ब्युरेटरवर चालणारी मारुती जिप्सी किंग आहे. गाडी आता ऑइल पिऊ लागली आहे आणि घाटात दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यात टाकले की दम तोडते. इंजिन बांधत (उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवत) बसण्यापेक्षा दुसरेच बसवा, असे मेकॅनिक म्हणतो. त्याने तीन पर्याय दिले आहेत : मारुती एस्टीमचे 16 व्हॉल्व्हचे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारे) इंजिन, जुन्या बलेनो सेदानचे 1.6 लिटरचे, किंवा एखादे डिझेल. यांपैकी कोणते घ्यावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : बदली इंजिनाची निवड करताना ताकदीचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या गिअरबॉक्सला ते जुळते का, आरसी बुकातील नोंदीशी त्याचा मेळ बसतो का आणि त्याच्याबरोबर त्याचे सारे सामान मिळते का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. या कसोटीला आपल्या यादीतले डिझेल लगेच बाद होते. त्याचे वजन पुढच्या पाट्यांवर (स्प्रिंगांवर) येईल, गिअरबॉक्सला जोडण्यासाठी खास अडॅप्टर प्लेट घडवून घ्यावी लागेल आणि पेट्रोलची गाडी डिझेलवर नेण्यास परिवहन कार्यालय मान्यता देईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

बलेनोचे इंजिन मोहात पाडणारे आहे, कारण ते 94 अश्वशक्तीचे आहे आणि आपल्या इंजिनाची ताकद नवी असतानाच 60 च्या आसपास होती. मात्र त्याची क्षमता 1590 सीसी असल्यामुळे आपल्या आरसीवरच्या 1298 या आकड्याशी ते उघडच विसंगत ठरते. शिवाय त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 90 मिलिमीटरचा, म्हणून ब्लॉकही उंच. बॉनेटखाली ते बसवताना माउंटिंगपासून रेडिएटरच्या पाइपांपर्यंत सगळेच नव्याने करावे लागते. खासगी शेतावर किंवा स्पर्धेच्या मैदानात चालणाऱ्या गाडीसाठी हा खटाटोप समजण्यासारखा आहे. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी नाही.

उरले एस्टीमचे इंजिन. हे आपल्याच इंजिनाच्या कुळातले आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 आणि स्ट्रोक 75.5 मिलिमीटर, क्षमता तीच 1298 सीसी. फरक मुख्यतः 16 व्हॉल्व्हच्या हेडचा आणि इंधन पुरवण्याच्या पद्धतीचा. खुद्द मारुतीने 2000 पासून जिप्सीत याच कुळातले एमपीएफआय इंजिन दिले आणि 2019 मध्ये सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बंद होईपर्यंत ते चालू राहिले. त्यामुळे माझी पहिली पसंती एस्टीमला नसून अपघातात सापडलेल्या एखाद्या एमपीएफआय जिप्सीच्या इंजिनाला आहे, मग त्यासाठी दोन पैसे जास्त पडले तरी चालतील.

कारण असे की, एस्टीममध्ये इंजिन आडवे, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसते आणि जिप्सीत उभे, म्हणजे लांबीच्या दिशेने. ब्लॉक कुळातलाच असला तरी इनटेक व एक्झॉस्ट मॅनिफोल्डची तोंडे, थर्मोस्टॅट हाउसिंग, माउंटिंगचे ब्रॅकेट आणि ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) हे सगळे आडव्या मांडणीसाठी बेतलेले असते. यांतले चेंबर मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल सलग नळीचा असून पाटे दबले की तो वर येतो. चेंबरचा खोल भाग त्याच्या वाटेत असेल तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चेंबर फुटते. म्हणून एस्टीमचे इंजिन घेतलेच तर चेंबर आणि त्यातली ऑइल उपसणारी जाळीची नळी, दोन्ही जिप्सीचीच बसवावीत. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग आडव्या इंजिनाला लागत नाही, तेव्हा त्याची सोय आहे की नाही, हे फ्लायव्हील जुळवतानाच पाहून घ्यावे.

आता सामानाविषयी. नुसते इंजिन स्वस्तात उचलले आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक), वायरिंगचा पूर्ण हार्नेस, सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी एकेक करून शोधत फिरलो, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. आपल्या कार्ब्युरेटरला साधा यांत्रिक पंप पुरतो. एमपीएफआयला टाकीत विजेवर चालणारा पंप, दाब सहन करणाऱ्या नळ्या आणि परतीची लाइन लागते. त्यामुळे शक्य असेल तर कटिंगला (सुटे भाग काढून विकायला) आलेली अख्खी गाडी उभी असतानाच पाहावी, ती चालू करून घ्यावी आणि हार्नेस कापू न देता प्लगपासून सोडवून घ्यावा.

एक आगाऊ सूचना : आपल्या इंजिनाचा बोअर मोजून घेतला आहे का? 0.25 किंवा 0.50 मिलिमीटरच्या ओव्हरसाइझ पिस्टनवर ते बांधता येत असेल तर आरसीला हातही लावावा लागत नाही. ताकद वाढणार नाही, पण ऑइल पिणे थांबेल आणि घाटातला त्रासही बराच कमी होईल.

प्रश्न : कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात इंजिन स्टँडवर ठेवून, स्टार्टर मारून दाखवतात. तेवढ्यावर विश्वास ठेवावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ठेवू नये. स्टार्टरवर फिरणारे इंजिन फक्त जाम नाही, एवढेच त्यावरून कळते. कॉम्प्रेशन गेज घेऊन आपला मेकॅनिक सोबत न्यावा. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून आणि बॅटरी दमदार असताना प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. वर उल्लेखलेल्या 1.3 लिटर इंजिनात तो साधारण 12 ते 14 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्याही दोन सिलिंडरांत एका किलोपेक्षा जास्त फरक नसावा. एखाद्यात दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेला आहे, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे संशय जातो.

याला एक अपवाद आहे आणि आपल्याकडे तो दुर्मिळ नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला महापूर आला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी सेल्फ मारला असेल, तर पाणी दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. मग तो पिस्टन वरपर्यंत पोहोचत नाही आणि त्या एकाच सिलिंडरचा दाब, ऑइल सोडूनही, कमीच राहतो. असे आढळले तर एअर फिल्टरच्या डब्याच्या सांध्यात आणि अल्टरनेटरच्या जाळीत वाळलेला गाळ शोधावा. ब्लॉकवर चंदेरी रंग ताजा मारलेला असला, तरी त्या जागा पुसायचे बहुधा राहून जाते. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, चहाच्या रंगाचा थर दिसला तर सौदा तिथेच थांबवावा.

प्रश्न : इंजिन बदलल्यावर परिवहन कार्यालयात कळवावे लागते का? मेकॅनिक म्हणतो, काही गरज नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : लागते, आणि बदलण्याच्या आधी परवानगी घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा फेरबदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. परवानगी नसलेल्या फेरबदलाबद्दल कलम 182अ खाली, दर फेरबदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. त्याच कंपनीचे, त्याच इंधनावरचे आणि तेवढ्याच सीसीचे इंजिन असेल तर नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवून घेण्याची वाट खुली राहते; म्हणूनच पहिल्या उत्तरात 1298 या आकड्यावर मी एवढा भर दिला. मात्र इंजिन दुसऱ्या मॉडेलचे असल्यास अधिकाऱ्याचा होकार लेखी मिळाल्याखेरीज विक्रेत्याला पैसे देऊ नयेत.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या पासिंगला निरीक्षक चेसिस आणि इंजिन क्रमांक पाहतातच. विक्रेत्याकडून ज्या गाडीतून इंजिन निघाले तिच्या आरसीची प्रत आणि इंजिन क्रमांक लिहिलेले बिल घ्यावे, ती गाडी एम-परिवहन अ‍ॅपवर तपासावी आणि ब्लॉकवरचा क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर कितीही स्वस्त असले तरी ते इंजिन सोडून द्यावे. नोंद झाली की विमा कंपनीलाही नवा क्रमांक लेखी कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्यावी, नाहीतर दाव्याच्या वेळी पहिली हरकत त्यावरच निघते.