घरातील दोन संगणकांना वेगवेगळे पब्लिक आयपी पत्ते मिळू शकतात का?

राजारामपुरीतील घरी एकच फायबर जोडणी असताना दोन संगणकांना स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारे पत्ते) मिळतील का, असे आपण विचारले आहे. मिळू शकतात, मात्र ते राउटरच्या सेटिंगमधून निर्माण होत नाहीत, सेवापुरवठादारानेच द्यावे लागतात.

प्रथम राउटरच्या स्टेटस पानावरील वॅन आयपी, म्हणजे राउटरला पुरवठादाराकडून मिळालेला पत्ता, पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर आज आपल्याकडे नेहमीच्या आयपीव्ही४ पद्धतीचा एकही पब्लिक पत्ता नाही; पुरवठादार सीजीनॅट वापरून एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो आहे आणि अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंगही (बाहेरून आलेली जोडणी राउटरने घरातील ठरावीक संगणकाकडे वळवणे) उपयोगी पडत नाही.

स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपींचा गट मागताना एक मेख लक्षात ठेवावी. गटाचा आकार स्लॅशपुढील आकड्याने सांगतात. स्लॅश ३० च्या गटात चार पत्ते असले, तरी नेटवर्क (गटाची ओळख), ब्रॉडकास्ट (गटातील सर्वांना एकदम संदेश) आणि पुरवठादाराचा गेटवे (इंटरनेटकडे नेणारे उपकरण) यांत तीन खर्ची पडून हाती एकच उरतो. म्हणून स्लॅश २९ मागावा, त्यात आठपैकी पाच उरतात. घरगुती प्लॅनवर तो सहसा देत नाहीत, बिझनेस प्लॅन घ्यावा लागतो, आणि माझ्या मते केवळ दोन संगणकांसाठी तो खर्च क्वचितच परवडतो.

त्याआधी आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) सुरू आहे का, हे तपासावे, कारण त्यात प्रत्येक संगणकाला आपोआप स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या सुरक्षा-व्यवस्थेत) आवश्यक तेवढेच पोर्ट, म्हणजे जोडणीची दारे, उघडावेत. दोन्ही संगणकांवर बाहेरून काम करणे एवढाच हेतू असेल, तर एक पब्लिक आयपी आणि राउटरवरील व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित मार्ग) पुरेसे आहे.