आफ्रिकन सिक्लिडच्या टँकमध्ये एकच मासा सगळ्यांना मारतोय. सोबत शांत मासे सोडले तर तो निवळेल का?

नाही. शांत मासे सोडलेत तर मार खाणारे तेवढे वाढतील.

तुम्ही लिहिलंय की टँक ३ × सव्वा × सव्वा फूट आहे, त्यात दुकानातून 'मिक्स आफ्रिकन' म्हणून आणलेले ८ मासे आहेत, आणि पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला एक हळूहळू काळा पडून त्यावर फिकट निळे पट्टे उमटलेत. हा ऑराटस जातीचा नर. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातल्या म्बुना, म्हणजे खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांमध्ये याच्याइतके भांडखोर थोडेच. लहानपणी दिसतो मात्र इतका देखणा की मिक्सच्या लॉटमधून आधी हाच उचलला जातो. (केन्यी या दुसऱ्या म्बुनाचं उलटं असतं: पिल्लं आणि माद्या निळ्या, नर वयात आला की पिवळा. तोही तितकाच तापट, म्हणून बदलीत तो घेऊन येऊ नका.)

भिगवणला उजनीची चिलापी खाल्ली असेल तर सिक्लिडची तुमची ओळख जुनीच आहे, चिलापीही त्याच कुळातली. चिलापीचा नर तळाला खळगा करतो आणि तिथे दुसऱ्या नराला फिरकू देत नाही. म्बुनाचा नर तेच दगडाच्या कपारीसाठी करतो. सरोवरात हरलेला मासा चार हात लांब गेला की सुटतो. तुमच्या टँकमध्ये तो कुठेही गेला तरी जिंकलेल्याच्याच हद्दीत राहतो. पाठलाग दोन-तीन सेकंदांत संपत असेल तर ते रोजचंच, सोडून द्या. पण एखादा मासा हीटरमागे किंवा वरच्या कोपऱ्यात पर मिटून लटकला असेल, खायलाही येत नसेल, तर त्याच्या हातात एक-दोन दिवसच आहेत.

अशा माशाला आजच बाहेर काढा. ४० लिटरचा प्लॅस्टिकचा टब, टँकमधलंच पाणी, एअरपंपावरचा स्पंज फिल्टर आणि ५० ग्रॅम खडेमीठ पुरे. टबातला फिल्टर नवा असल्याने अमोनिया साठतो, म्हणून एक दिवसाआड पाव पाणी बदला आणि तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ पुन्हा घाला. फाटलेले पर दोन-तीन आठवड्यांत भरून येतात, औषधांची बाटली लागत नाही.

ऑराटसला मी ठेवणार नाही. हफ्ताभर वेगळा ठेवून, दगड हलवून, रात्री दिवे बंद करून परत सोडायची युक्ती इतर म्बुनांवर चालते, कारण परतल्यावर त्याची जुनी कपार सापडत नाही. ऑराटस मात्र चार दिवसांत पुन्हा नवी हद्द आखतो. आणि तो गेला म्हणजे शांतता झाली असंही नाही. दुसऱ्या नंबरचा गादीवर बसतो. म्हणून त्याला काढाल त्याच दिवशी आतली मांडणीही मोडा.

मांडणीचा नियम सोपा आहे: टँकच्या एका टोकाला डोळा लावल्यावर दुसरं टोक दिसत असेल, तर दादालाही दिसतंय. दगड निम्म्या उंचीच्या वर गेले पाहिजेत. आपला काळा बेसॉल्ट उत्तम, फुकट आणि पाण्यात न विरघळणारा. त्यातल्या पांढऱ्या गाठींना घाबरू नका. फक्त खाणीतला ताजा धारदार दगड नको, खवले सोलतात. नदीतला गुळगुळीत घ्या. दगड थेट काचेवर नको, खाली पातळ थर्माकोल घाला आणि रेती सगळ्यात शेवटी, कारण हे मासे खालची रेती उकरतात आणि रेतीवर रचलेला ढिगारा काचेवर कोसळतो. गुहांना दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाच्या कुंडीत शिरलेला मासा आतच कोंडून मार खातो. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातला २ इंची पीव्हीसी पाइप, ५-६ इंचांचे तुकडे करून, कडा घासून ठेवा.

आता संख्या. तुमचा टँक कोरा १३३ लिटरचा, दगड-रेती धरून शंभरच्या आसपास. त्यात वेगवेगळ्या जातींचे ८ मासे ही सगळ्यात वाईट मांडणी आहे. प्रत्येकाला हद्द हवी, पण राग विभागला जाईल इतके मासे नाहीत. या मापात म्बुनांची एकच जात ठेवा, त्यातल्या त्यात शांत अशी रस्टी किंवा यलो लॅब, ८ ते १०, एका नराला तीन-चार माद्या. पिल्लांमध्ये नर-मादी ओळखू येत नाही, म्हणून १२ आणा आणि मोठे होताना जास्तीचे नर काढत जा. टँक ४ × दीड × दीड फुटाचा केलात (२५५ लिटर) तर रस्टी, यलो लॅब आणि असेई ही तिसरी म्बुना जात मिळून १८ ते २० जमतील. एकाच रंगाच्या दोन जाती नकोत, सारखा दिसणारा मासा हा पहिला शत्रू. पिकॉक हे मलावीचेच रंगीत सिक्लिड म्बुनांसोबत दबून राहतात, त्यांचा रंगच उतरतो.

एवढी गर्दी केली की फिल्टर ताशी १,२०० ते १,५०० लिटरचा लागतो आणि दर आठवड्याला ४० टक्के पाणी बदलावं लागतं. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा बुधवारीच उरका. आरओ वापरू नका. मलावीच्या माशांना जड पाणी लागतं, बोअरचं क्षाराचं पाणी उलट बरं. नळाच्या पाण्याला अँटिक्लोरीन विसरू नका. एप्रिल-मेत पाणी ३० अंशांवर गेलं की ऑक्सिजन घटतो आणि दमलेला मासा पळू शकत नाही, तेव्हा पृष्ठभागावर पंखा लावा. खाणं स्पिरुलिनाच्या गोळ्यांचं, दोन टोकांना एकाच वेळी टाका. ट्युबिफेक्स आणि ब्लडवर्म या किड्यांच्या खाण्याने यांचं पोट फुगतं.

सोबतीला सायनोडोन्टिस कॅटफिश किंवा ब्रिसलनोज चालतात. गप्पी म्हणजे नाश्ता. गोल्डफिश मंद आणि थंड पाण्याचा. एंजल, डिस्कसना मऊ पाणी लागतं. दुकानातला 'शार्क' बहुतेक पंगस असतो, तो तीन फूट ओलांडतो. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नला या टँकमध्ये जागाच नाही.

नवे मासे एकेकटे सोडू नका, सगळे एका रात्री, साधारण एकाच मापाचे. आणि तो ऑराटस दुकानात बदलीत द्या. पाषाण तलावात किंवा मुठेत सोडू नका. टँकमधून सोडलेला सकर मासा उजनीत काय करतोय ते भिगवणच्या कोळ्यांना विचारा.