वाचकांचे प्रश्न : दोन अडथळ्यांमधले अंतर

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी पुण्यातील एका रायडिंग क्लबमध्ये उड्यांचा सराव करते. तिची घोडी पूर्वी शर्यतीत पळालेली आहे. दुडक्या चालीसाठी ४.५ फुटांवर एक असे चार पोल जमिनीवर, शेवटच्या पोलपासून ९ फुटांवर फुलीचा (दोन पोल तिरपे रचलेला) अडथळा आणि त्यापुढे २४ फुटांवर सरळ अडथळा, अशी मांडणी मी करतो. एका ढांगेसाठी २४ फूट ठेवावेत, असे मला सांगण्यात आले होते. घोडी फुली सहज ओलांडते. मात्र दुसऱ्या अडथळ्यापाशी कधी दोन आखूड ढांगा घेते, तर कधी लांबून झेपावून पोल पाडते. चूक मुलीची की घोडीची?

उत्तर : चूक दोघींचीही नाही, अंतराची आहे, म्हणून सर्वप्रथम मुलीला तसे स्पष्ट सांगावे. आपल्याला मिळालेला आकडा खरा असला, तरी तो कॅन्टरमध्ये, म्हणजे दुडक्या चालीहून वेगवान अशा संथ दौडीत येणाऱ्या घोड्याचा आहे. कॅन्टरमधली ढांग सुमारे १२ फुटांची धरतात; पहिल्या उडीनंतर टेकण्यासाठी ६ फूट, मधली ढांग १२ फूट आणि पुढच्या उडीआधीचे ६ फूट मिळून २४ होतात. आपली घोडी दुडक्या चालीत येते. तिच्यापाशी तेवढा वेग नसल्याने ती फुलीच्या जवळ टेकते आणि तिची पहिली ढांगही आखूड पडते. अशा वेळी लहान उंचीच्या अडथळ्यांमध्ये एका ढांगेसाठी सुमारे १८ फूट आणि दोन ढांगांसाठी सुमारे ३० फूट लागतात. आपले २४ फूट नेमके या दोहोंच्या मध्ये पडल्यामुळे घोडीला तिथे ना धड एक ढांग बसवता येते, ना धड दोन.

दुसरा अडथळा १८ फुटांवर आणावा, आरंभी त्याचा पोल जमिनीवरच ठेवावा आणि घोडी शांतपणे ओलांडू लागली, की तो दीड फुटापर्यंत उचलावा. वाळू सपाट करून घेतल्यास टापांच्या खुणांवरून ती कुठे टेकली आणि कुठून उठली हे स्वच्छ दिसते. ती दुसऱ्या अडथळ्याच्या फार जवळ पोहोचत असेल, तर अंतर अर्ध्या फुटाने वाढवावे. मात्र त्याच फेरीत उंची वाढवू नये, नाहीतर फरक कशामुळे पडला हे समजणार नाही. शर्यतीत पळालेले घोडे वेग धरून लांब, सपाट उडी घेऊ लागतात आणि तेव्हा अंतर वाढवण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. घाईला जागा करून दिली, तर घाईचीच सवय लागते. अशा घोडीला दुडक्या चालीचे पोलच सावरतात, म्हणून ते काढू नयेत.

पावसाळ्यात मैदान जड झाले की ढांग आखूड होते, आणि तबेल्याच्या दिशेने जाताना तीच लांबते. त्यामुळे एका दिवशी जुळलेले अंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे लागते.

प्रश्न : टेप नसेल तर पावलांनी मोजलेले चालते का? आमच्याकडे १३ हातांचा (घोड्याची उंची मोजण्याचा एक हात म्हणजे ४ इंच) पोनीही आहे.

उत्तर : आपले पाऊल खरोखर ३ फुटांचे पडत असेल, तर चार पावलांची एक ढांग हा हिशेब कॅन्टरच्या अंतरांना चालतो; त्यासाठी टेप अंथरून तिच्या बाजूने चालण्याचा सराव करावा. दुडक्या चालीच्या पोलांना मात्र टेपच वापरावी, कारण तिथे अर्ध्या फुटाची चूकही घोड्याला अडखळवते. पोनीसाठी हे पोल ४ फुटांच्या आसपास आणून त्याची चाल पाहावी, आणि अडथळ्यांमधले एका ढांगेचे अंतर दोन-तीन फुटांनी कमी करावे. गोल पोल टापेखाली गडगडतात, म्हणून त्यांच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या लावाव्यात आणि स्टँडवरचे रिकामे कप (पोल टेकवण्याच्या खोबणी) सराव सुरू होण्यापूर्वी काढून ठेवावेत.