जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए कुठून वाचायला घ्यावा? आणि स्वतःच्या अपंग मुलावर त्याने एवढं लिहिलं, हे योग्य होतं का?

सुरुवात 'अ पर्सनल मॅटर'पासून करा, १९६४ची कादंबरी आहे, इंग्रजीत मिळते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, शंभर टक्के योग्य. माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

ओएचा मुलगा हिकारी १९६३ साली जन्मला तो कवटीला भोक राहून मेंदूचा भाग बाहेर आलेला. कादंबरीतला बाप अशाच बाळाला दुधाऐवजी साखरपाणी द्यायला तयार होतो, म्हणजे ते आपोआप जाईल. शेवटी ऑपरेशनचा निर्णय घेतो ते वेगळं, पण ती साखरपाण्याची पानं लिहायला छाती लागते. पहिल्या रात्री असले विचार कितीतरी आईबापांच्या मनात येतात, बोलत कोणीच नाही.

आमच्याकडे पुतण्याची मुंज होती. माझा मुलगा पंगतीत बसून स्पीकरवरच्या सनईबरोबर चमच्याने ताटाच्या काठावर ठेका धरत होता, अगदी तालात. मी तो फोटो चार ओळी लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला तर रात्री जाऊबाईंचा फोन, घरातलं चव्हाट्यावर कशाला आणतेस, आमच्या मुलीचं लग्न जमायचंय, पुढच्या वेळी त्याला वरच्या खोलीत बसव. मी म्हटलं, वहिनी, यावरून मोडणारं स्थळ मोडलेलंच बरं. तेव्हापासून बोलणं तुटक आहे आणि माझं मत तेच आहे.

हिकारी सहा वर्षांचा होईपर्यंत माणसांशी बोलतच नव्हता, पक्ष्यांच्या आवाजाच्या रेकॉर्डी तेवढ्या ऐकायचा. एकदा सुट्टीत तळ्याकडून पाणकोंबडीच्या जातीतला एक पक्षी ओरडला आणि याने रेकॉर्डमधल्या निवेदकाच्या आवाजात त्याचं नाव सांगितलं! पुढे तो संगीतकार झाला, १९९२मध्ये त्याची सीडी निघाली. १९९४च्या नोबेलच्या भाषणातही ओएने त्याच्याबद्दल सांगितलं, त्याला वरच्या खोलीत नाही बसवलं.

नंतर 'हिरोशिमा नोट्स' घ्या, निबंध आहेत, मुलगा झाला त्याच उन्हाळ्यात तो हिरोशिमाला गेला होता. 'द सायलेंट क्राय' ही कादंबरी जड आहे, घाईने घेऊ नका. आणि हो, हिकारीला विचारून कुठे लिहिलं, हा आक्षेप मला थोडा पटतो. पण तो घेणाऱ्यांनी आधी आपल्या घरातल्या अशा मुलाला चारचौघांत नेलंय का ते सांगावं. तुमच्या घरी कोणी असेल तर पुढच्या कार्याला न्या, आणि पहिल्याच पंगतीला बसवा.