वर्डमध्ये पानाच्या माथ्यावर प्रकरणाचं नाव

प्रत्येक प्रकरणासाठी हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या पट्टीत, नाव हाताने टाइप करत बसू नका. शीर्षक बदललं की सगळं पुन्हा करावं लागेल. त्याऐवजी ‘स्टाइलरेफ’ फील्ड वापरा; ते ठरावीक स्टाइलमधला मजकूर आपोआप उचलून दाखवतं.

आधी प्रकरणाच्या प्रत्येक शीर्षकाला ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्या. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं शीर्षक वर्डला ओळखता येत नाही. नवख्यांचं गाडं बहुतेक इथेच अडतं. मग हेडरमध्ये क्लिक करून इन्सर्ट, क्विक पार्ट्स, फील्ड, स्टाइलरेफ असं जा आणि ‘हेडिंग १’ निवडा. त्या पानावरचं पहिलं शीर्षक वर येतं. पानावर शीर्षक नसेल तर मागचं. क्रमांकही हवा असेल तर दुसरं स्टाइलरेफ घालून ‘इन्सर्ट पॅरग्राफ नंबर’वर खूण करा.

प्रकरणाच्या पहिल्या पानावर मात्र हेडर नको, तिथे शीर्षक असतंच. प्रकरणागणिक सेक्शन ब्रेक (नवा विभाग सुरू करणारी खूण) देऊन ‘डिफरंट फर्स्ट पेज’ निवडा.