वाचकांचे प्रश्न : घरच्या पटावरचे बुद्धिबळ

प्रश्न : रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघं नवरा-बायको काहीतरी खेळायला बसतो. कॅरम, रमी, लुडो यांत कधी हे जिंकतात, कधी मी. बुद्धिबळात मात्र गेले वीस-बावीस डाव सलग हेच जिंकले आहेत. खेळ मला आवडतो, पण आता पट मांडला की नकोसं होतं. माझ्यातच काही कमी आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : कमी काही नाही, ताई. खेळाची जातच वेगळी आहे. लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर पडत नाही, आणि सहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता जवळपास एक-तृतीयांश असते. म्हणजे कितीही मुरलेला खेळाडू असला तरी तो घरात अडकून बसू शकतो. रमीत हाती आलेली तेरा पानं कशी आहेत यावर बरंच ठरतं. मेंढीकोटात जोडीदार असतो, झाकलेली पानं असतात; चारांपैकी दोन मेंढ्या आपसूक हातात आल्या तर नवखी जोडीही बाजी मारून जाते.

बुद्धिबळात यातलं काहीच नाही. फासा नाही, झाकलेलं पान नाही, जोडीदार नाही. पटावर जे आहे ते दोघांनाही सारखंच दिसतं. त्यामुळे जो थोडा जास्त जाणतो, तो जवळजवळ प्रत्येक वेळी जिंकतो. स्पर्धांत खेळाडूंची ताकद मोजणाऱ्या रेटिंगचं गणितच पाहा. दोघांत ४०० गुणांचा फरक असेल, तर बलवान खेळाडूला १०० डावांत सरासरी ९१ गुण मिळतात (जिंकल्यास एक, बरोबरीला अर्धा). शाळेत असताना चार-पाच वर्षं खेळलेला माणूस आणि लग्नानंतर शिकलेली व्यक्ती यांच्यात एवढा फरक सहज असतो.

कॅरमही नशिबाचा खेळ नव्हे. तिथेही चांगला हात असलेला माणूस नवख्याला धुऊन काढतो. पण तिथली हार लागत नाही, कारण ‘बोट चुकलं’ असं म्हणता येतं. शिवाय एक बोर्ड काही मिनिटांत संपतो आणि सोंगट्या पुन्हा मांडल्या की सगळं नवं. बुद्धिबळात चाळीस मिनिटं डोकं घालून हरलं की ‘आपलं डोकंच चुकलं’ असं वाटतं. ते तसं नसतं. बहुतेक वेळा एकाच चालीत एक मोहरा फुकट गेलेला असतो.

उपाय जुना आहे आणि फार चांगला आहे : मोहरा कमी करून खेळणं. तुमच्या यजमानांनी पांढरे मोहरे घ्यावेत आणि डाव सुरू होण्याआधीच वजिराच्या बाजूचा हत्ती, म्हणजे ए१ घरातला, पटावरून काढून ठेवावा. (घरांची नावं अशी : पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि त्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८.) त्या हत्तीपुढचं प्यादं मग उघडं पडतं, म्हणून ते सुरुवातीलाच ए३ वर ठेवायची रीत आहे. तुम्ही सलग दोन डाव जिंकलात की हत्तीऐवजी घोडा (बी१ चा) काढायचा. ते सलग दोन जिंकले तर उलट चढत जायचं, म्हणजे वजीर काढायचा. आठवड्याभरात तुमची खरी पायरी सापडेल. ती दर महिन्याला बदलेल, आणि तीच तुमची प्रगती.

आता तुमच्या बाजूने कसं खेळायचं ते. सगळ्या मोहऱ्यांची किंमत मोजा : वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३-३, प्यादं १. राजा सोडून एका बाजूची बेरीज ३९ होते. त्यांचा हत्ती गेला की ३४. सुरुवातीला ३९ विरुद्ध ३४ हा फरक फारसा जाणवत नाही. पण मारामारी करत गेलात, वजिराला वजीर, हत्तीला हत्ती, घोडे-उंट सगळे बदलून टाकलेत, तर शेवटी तुमच्याकडे १३ आणि त्यांच्याकडे ८ उरतात. तुमच्याकडे एक हत्ती आणि सगळी प्यादी, त्यांच्याकडे नुसती प्यादी. तेव्हा हाच फरक डोंगराएवढा होतो. म्हणून पुढे असाल तेव्हा मोहरे बदला, प्यादी जपा. बहुतेक नवखे नेमकं उलटं करतात : आपल्याकडे जास्त आहे म्हणून हल्ला करत सुटतात आणि दोन चालींत हत्ती परत देऊन बसतात.

मोबाइलवरचं बुद्धिबळाचं घड्याळ वापरून त्यांना ३ मिनिटं आणि तुम्हाला १२ असंही खेळता येतं. मात्र सुरुवातीला आम्ही ते सुचवणार नाही. कसलेला माणूस तीन मिनिटांतही सवयीने बऱ्या चाली करतो आणि समोरच्याची घाई पाहून नवखाच गडबडतो.

चाल मागे घेण्याबद्दल डावाआधीच ठरवा : प्रत्येकाला एकदाच, आणि तीही समोरच्याने उत्तराची चाल करण्याआधी. बाकी वेळी ‘हात लावला तो मोहरा चालवायचा’ हा नियम कडक पाळा. घरातली निम्मी भांडणं त्याने मिटतात. आणि यजमानांना एक विनंती : मुद्दाम हरू नका. समोरच्याला ते कळतं, आणि मग जिंकण्यातही गोडी राहत नाही.

प्रश्न : आजोबा म्हणतात, प्यादं नेहमी एकच घर चालतं आणि राजा एकदा घोड्यासारखी उडी मारू शकतो. नातू शाळेत वेगळं शिकून आला आहे. खरं कोणाचं? (एक वाचक, वाई)

उत्तर : दोघांचंही. आजोबा देशी बुद्धिबळ खेळतात, नातू आंतरराष्ट्रीय. देशी खेळात बहुतेक ठिकाणी प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे जातं. किल्लेकोट (राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल) नसतो, त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, डावात एकदा घोड्याची चाल मिळते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीच्या मोहऱ्याचं रूप घेतं, म्हणजे घोड्याच्या पट्टीत घोडा. यात गावागणिक फरक असायचे, म्हणून परगावच्या पाहुण्याशी खेळताना नियम आधी ठरवून घेत.

देशी खेळाला कमी लेखू नका. पंजाबचे मीर सुलतान खान आधी देशी पद्धतीनेच शिकले. युरोपीय नियम त्यांनी नंतर आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

आजोबांना नवा खेळ शिकायचा असेल तर तीनच गोष्टी समजावून द्या. पहिली, प्यादं आपल्या मूळ घरातून एक किंवा दोन घरं जाऊ शकतं. दुसरी त्यातूनच येते : शत्रूचं प्यादं दोन घरं उडून तुमच्या पाचव्या ओळीतल्या प्याद्याच्या अगदी शेजारी आलं, तर ते एकच घर आलं आहे असं समजून तिरकं मारता येतं, पण फक्त लगेचच्या चालीत. दोन घरांची उडीच नसल्यामुळे देशी खेळात या नियमाची गरज नव्हती. तिसरी गोष्ट किल्लेकोट. राजा दोन घरं हत्तीकडे सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडच्या घरात येतो. दोघांपैकी कोणीही आधी हललेलं नसावं आणि मध्ये मोहरा नसावा. राजाला त्या क्षणी शह नसावा; तो ज्या घरावरून जातो आणि ज्यात पोचतो त्यावर शत्रूचा मारा नसावा. हत्तीवर मारा असेल तर चालतं. ही गोष्ट चांगले खेळणारेही विसरतात. आणि आधी राजालाच हात लावायचा. हत्तीला आधी हात लागला तर कडक नियमाप्रमाणे हत्तीच चालवावा लागतो.

प्रश्न : सोसायटीतला एक मुलगा सगळ्यांना चार चालींत मात करतो. वाचायचं कसं? (दोन भाऊ, डोंबिवली)

उत्तर : त्याची युक्ती अशी : प्यादं ई४, वजीर एच५, उंट सी४ आणि मग वजिराने एफ७ वरचं प्यादं मारून मात. एफ७ हे काळ्याचं सगळ्यात कच्चं घर आहे, कारण सुरुवातीला त्याला फक्त राजाचाच आधार असतो.

तुम्ही ई५ खेळलात आणि वजीर एच५ वर आला की घाबरून लगेच जी६ खेळू नका. वजीर ई५ वरचं प्यादं मारून राजाला शह देतो आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या हत्तीवरही मारा करतो, हत्ती जातोच. आधी घोडा सी६ वर आणून ई५ ला आधार द्या. मग उंट सी४ वर आला की जी६ खेळा. वजीर एफ३ वर मागे जाऊन पुन्हा एफ७ वर डोळा ठेवेल. तेव्हा दुसरा घोडा एफ६ वर आणा. झालं. त्याचा वजीर दोनदा फिरला आणि तुमचे दोन्ही घोडे बाहेर आले आहेत. हाच घोडा एक चाल आधी, जी६ च्या ऐवजी एफ६ वर आणलात, तर मात्र मात होते. सोसायटीतले सगळे बहुधा तिथेच सापडतात.

प्रश्न : नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकल्यापासून घरात सगळे म्हणतात, नऊ वर्षांच्या मुलीला क्लास लावा, गणित सुधारेल. पत्ते आणि कॅरम बंद करावेत का? (पालक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मुळीच बंद करू नका. मुलीला खेळ आवडत असेल तर क्लास जरूर लावा, पण गणिताच्या गुणांसाठी नको. इंग्लंडमध्ये १०० शाळांत मुलांना बुद्धिबळ शिकवून त्याचा परिणाम तपासला गेला होता. २०१६ मध्ये अहवाल आला. वर्षभरानंतरच्या गणिताच्या परीक्षेत बुद्धिबळ शिकलेली आणि न शिकलेली मुलं यांत फरक दिसला नाही. बुद्धिबळाने बुद्धिबळ सुधारतं, आणि एका जागी बसून ‘मी असं केलं तर तो काय करेल’ हे विचारायची सवय लागू शकते. तेवढं पुरेसं आहे.

पत्त्यांत वेगळंच कसब लागतं : कोणतं पान गेलं हे लक्षात ठेवणं आणि न दिसणाऱ्या पानांचा अंदाज बांधणं. बुद्धिबळात या अंदाजाला जागाच नाही. कॅरममध्ये कोन आणि बोटाचा जोर. राणी घेतली तर पाठोपाठ आपली सोंगटी घालून ती पक्की करावी लागते, तेव्हा धोका कधी पत्करायचा हेही मूल शिकतं.

पट मांडायला वेळ नसेल तेव्हा नवकंकरी शिकवा. महाराष्ट्रात किल्ल्यांच्या आणि देवळांच्या दगडांवर हा पट कोरलेला अजून दिसतो. एकात एक तीन चौकोन, २४ ठिकाणं, प्रत्येकी ९ खडे. तीन खडे एका रेषेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. दोघांनीही अचूक खेळ केला तर हा खेळ बरोबरीत सुटतो, हे १९९३ मध्ये संगणकाने सिद्ध झालं आहे. बुद्धिबळाचं असं उत्तर अजून कोणालाही काढता आलेलं नाही. पांढऱ्याला पहिल्या चालीत २० पर्याय, काळ्याला २०. एकेक चाल होताच ४०० वेगवेगळ्या मांडण्या शक्य होतात.

प्रश्न : घरासाठी सेट कोणता घ्यावा? (अनेक वाचक)

उत्तर : गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट आणि बुडात वजन असलेले प्लॅस्टिकचे मोहरे. स्पर्धेच्या मापात राजा सुमारे साडेनऊ सेंटिमीटर उंच आणि घर पाच ते सहा सेंटिमीटरचं असतं. दुकानात एक साधी परीक्षा करा : एका घरात चार प्यादी मावली पाहिजेत. मावत नसतील तर खेळताना मोहरे एकमेकांना धक्के देतात. प्रत्येक रंगाचा एक जादा वजीर असलेला सेट मिळाला तर तोच घ्या. प्यादं शेवटच्या घरात पोचल्यावर पहिला वजीर जिवंत असतानाही दुसरा करता येतो. उलटा ठेवलेला हत्ती घरी वजीर म्हणून चालवतात, स्पर्धेत तो हत्तीच धरला जातो. काचेचे आणि संगमरवरी सेट शोकेसमध्ये शोभतात, पण त्यांत उंट आणि प्यादं पटकन वेगळं ओळखू येत नाही. पट मांडताना प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात पांढरं घर, आणि वजीर आपल्या रंगाच्या घरात.

प्रश्न : माझ्याकडे राजा आणि वजीर, समोर एकटा राजा. तरी डाव बरोबरीत गेला. हे अन्यायाचं नाही का? (एक विद्यार्थी, पणजी)

उत्तर : समोरच्याच्या राजाला शह नाही, पण त्याला एकही चाल उरली नाही, की डाव बरोबरीत जातो. उदाहरणार्थ, काळा राजा एच८ वर आणि तुमचा वजीर जी६ वर. खेळी काळ्याची असेल, तर डाव तिथेच संपला. नियम कडक आहे, पण त्यामुळेच हरत आलेल्याला शेवटपर्यंत आशा राहते आणि जिंकणाऱ्याला नीट मात करणं शिकावंच लागतं.

पद्धत अशी. शह देत सुटू नका. शहाने राजा पळतो, कोंडला जात नाही. वजीर काळ्या राजापासून घोड्याच्या चालीएवढ्या अंतरावर ठेवा आणि राजा जिकडे जाईल तिकडे तशीच चाल करा. तो आपोआप कडेकडे ढकलला जातो. मात्र तो अगदी कोपऱ्यात शिरला की ही नक्कल थांबवा. जी६ ची चूक नेमकी इथेच होते. त्याऐवजी वजीर ई७ वर ठेवा. आता काळा राजा जी८ आणि एच८ या दोन घरांतच येरझाऱ्या घालू शकतो, म्हणजे त्याच्याकडे चाल नेहमीच असते. वजिराला अजिबात न हलवता आपला राजा चालवत जी६ पर्यंत आणा. मग काळा राजा जी८ वर असो की एच८ वर, वजीर ई८ वर गेला की मात. पटावर कुठूनही सुरुवात केली तरी अचूक खेळल्यास जास्तीत जास्त दहा चालींत ही मात होते. तुम्हाला वीस लागल्या तरी हरकत नाही, पन्नासच्या आत करा. प्यादं न हलता आणि मारामारी न होता दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या की समोरचा बरोबरी मागू शकतो.